लॅन काढल्याने ना चोरी थांबली, ना मॅपहॅक

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्याचा गाभा असा: स्ट्रॅटेजी गेममधून लॅन (जवळजवळचे कॉम्प्युटर इंटरनेटशिवाय थेट जोडून खेळण्याची सोय) काढून मल्टिप्लेअर फक्त ऑनलाइन ठेवले, म्हणून पायरसी आटोक्यात आली. सगळे सामने कंपनीच्या सर्व्हरवरून जातात, म्हणून चीटिंगला चाप बसला. पैसे मोजून गेम घेणाऱ्याचे यात काहीच बिघडत नाही. आणि लॅन हवे म्हणून ओरडणारे मुळात फुकटे आहेत. उदाहरण बहुतेक वेळा ब्लिझार्ड कंपनीच्या स्टारक्राफ्ट २ चे दिलेले असते.

मी वीस वर्षे हे गेम खेळतो आहे. पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, दुसऱ्यात जवळजवळ नाही, तिसरे चूक आहे आणि चौथे अन्यायाचे आहे. चौथे वाचूनच हे लिहायला बसलो. पण क्रमाने जाऊ.

‘पायरसी आटोक्यात आली’

आधी खरे आहे ते मान्य करतो. २००० नंतरच्या दशकात लॅन हे चोरीच्या प्रतींना आत येण्याचे मोठे दार झाले होते. हमाची, गरेना अशी सॉफ्टवेअर दूरदूरच्या कॉम्प्युटरना एकाच लॅनवर असल्याचे भासवत. गेमला वाटायचे मित्र शेजारच्या खोलीत आहे, आणि तो असायचा दुसऱ्याच देशात. वॉरक्राफ्ट ३ या गेमवर चाहत्यांनी रचलेला डोटा आशियाभर असा खेळला गेला, आपल्याकडच्या हॉस्टेलांतही. त्यातल्या कितीतरी प्रती चोरीच्या होत्या. जून २००९ मध्ये ब्लिझार्डने स्टारक्राफ्ट २ मध्ये लॅन नसेल असे जाहीर करताना पायरसीचे कारण दिले. ती भीती खोटी नव्हती.

पण आपल्या सर्व्हरवर चोरीच्या प्रतीला मज्जाव करायचा तर त्यासाठी लॅन काढावे लागत नाही. १९९८ चाच स्टारक्राफ्ट घ्या. त्यात लॅन होते. शिवाय ‘स्पॉन’ नावाची सोय होती: एका सीडीवरून मित्रांच्या मशीनवर मल्टिप्लेअरपुरती प्रत टाकता यायची, एका कीवर (प्रतीबरोबर मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकावर) आठ जणांपर्यंत. एकाने विकत घ्या आणि बाकीच्यांना खेळायला बोलवा, असे कंपनीच सांगत होती. त्याच वेळी बॅटल.नेट या ब्लिझार्डच्या ऑनलाइन सेवेवर सीडी-की तपासली जायची. ही दोन्ही एका गेममध्ये सुखाने नांदली. तो त्या वर्षीचा पीसीवर सर्वाधिक खपलेला गेम ठरला आणि २००९ पर्यंत त्याच्या १ कोटी १० लाखांहून अधिक प्रती गेल्या.

स्टारक्राफ्ट २ च्या पहिल्या ४८ तासांत १५ लाख प्रती गेल्या, हा आकडा लॅन काढण्याच्या बाजूने दिला जातो. बारा वर्षे लोक ज्याची वाट पाहत होते तो गेम तसाही खपलाच असता. यातला किती खप लॅन नसल्यामुळे झाला, हे त्या आकड्यातून कोणालाच काढता येत नाही. त्याच्या एकट्याने खेळायच्या भागाच्या क्रॅक केलेल्या प्रती मात्र फिरतच होत्या.

दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारी एक जोडी आहे. स्टारडॉकने २००८ मध्ये सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर कुठल्याही कॉपी-प्रोटेक्शनशिवाय बाजारात आणला आणि सप्टेंबरपर्यंत त्याच्या पाच लाख प्रती विकल्या. त्याच कंपनीचा डेमिगॉड एप्रिल २००९ मध्ये आला तेव्हा सर्व्हरवर सुमारे १,२०,००० जोडण्या झाल्या, त्यांतल्या विकत घेतलेल्या प्रतींच्या जेमतेम १८,०००. सर्व्हर कोलमडले आणि पैसे दिलेल्यांचे हाल झाले. लॅनच्या विरोधात हे उदाहरण देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: ही गर्दी लॅनवरून आली होती का? ती थेट कंपनीच्या सर्व्हरवर आली होती. तपासणी तिथे कडक हवी होती. चोर पुढच्या दाराने आला म्हणून मागची खिडकी भिंत घालून बंद केली, तर घर कसे राखले जाईल?

आणि यूबीसॉफ्ट. या कंपनीने २०१० मध्ये द सेटलर्स ७ सारख्या स्ट्रॅटेजी गेमलाही सतत ऑनलाइन राहण्याची सक्ती केली, एकट्याने खेळतानासुद्धा. त्याच मार्चमध्ये तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि सायलेंट हंटर ५ विकत घेतलेली माणसे आपल्याच गेमबाहेर अडकली. औषध यापेक्षा कडक असू शकत नाही. तरी ऑगस्ट २०१२ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुखांनी पीसीवरची पायरसी ९३ ते ९५ टक्के असल्याचे सांगितले. तो आकडा कसा काढला हा वेगळा प्रश्न आहे. पण रोग तसाच आहे, हे सर्वांत कडू औषध पाजणाऱ्याने स्वतः सांगितले. पुढच्याच महिन्यात कंपनीने सतत जोडणीची अट आपण सोडली असल्याचे जाहीर केले.

‘चीटिंगला चाप बसला’

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे, आणि तो समजून घ्यायचा तर हे गेम आतून कसे चालतात ते पाहावे लागेल.

एज ऑफ एम्पायर्स १९९७ मध्ये आला तेव्हा घरोघरी मोडेम होते २८.८ केबीपीएसचे. आठ खेळाडू आणि शेकडो सैनिक. प्रत्येक सैनिक कुठे उभा आहे, त्याचे आयुष्य किती उरले, हे सगळे सतत पाठवायचे म्हटले तर तो मोडेम गुदमरलाच असता. म्हणून ते पाठवायचेच नाही असे ठरले. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तीच संपूर्ण लढाई स्वतंत्रपणे चालते. तारेवरून जातात ते फक्त हुकूम: हे पाच धनुर्धारी तिकडे गेले, इथे बराक बांधली. प्रत्येक हुकूम थोडा पुढे ढकलून सगळीकडे एकाच वेळी अमलात येतो. सुरुवात सारखी, हुकूम सारखे, म्हणून शेवटही सारखा. या पद्धतीला लॉकस्टेप म्हणतात. स्टारक्राफ्ट आणि स्टारक्राफ्ट २ याच घराण्यातले.

आता याचा परिणाम पाहा. प्रतिस्पर्ध्याचे सैन्य कुठे लपले आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला आधीपासून माहीत असते. माहीत असावेच लागते, नाहीतर त्याला लढाई चालवता येणार नाही. नकाशावरचा काळा भाग हा फक्त तुमच्या डोळ्यांपुढे धरलेला पडदा आहे. मॅपहॅक तेवढा पडदा बाजूला करतो. मधला सर्व्हर हुकूम इकडून तिकडे पोचवतो, पण तुमच्या स्क्रीनवर पडदा आहे की नाही हे त्याला दिसत नाही. सामना कंपनीच्या सर्व्हरवरून गेला काय किंवा दोन टेबलांमधल्या केबलमधून गेला काय, या चोरीला काहीच फरक पडत नाही.

म्हणूनच स्टारक्राफ्ट २ जुलै २०१० च्या शेवटी आला आणि ऑक्टोबरपर्यंत ब्लिझार्डला चीटिंगसाठी पाच हजारांहून अधिक खात्यांवर कारवाई करावी लागली. हॅक बनवणाऱ्यांवर अमेरिकेत खटलाही भरावा लागला. २०१४ मध्ये पुन्हा एका मॅपहॅकच्या निर्मात्यांवर खटला झाला. लॅन तर पहिल्या दिवसापासून नव्हते, मग हे सगळे कुठून आले?

एक गोष्ट लॉकस्टेप खरोखर अडवतो. कोणी आपल्या मशीनवर सोने किंवा मिनरल वाढवून घेतले तर त्याची लढाई इतरांच्या लढाईशी जुळत नाही आणि सामना तिथेच तुटतो. पण हे संरक्षण लॅनवरही तंतोतंत तेवढेच मिळते.

चीटिंग खरेच मुळातून कमी करायचे तर सगळी लढाई सर्व्हरनेच चालवायची आणि प्रत्येकाला जेवढे दिसायला हवे तेवढेच पाठवायचे. डोटा २ असाच चालतो, लीग ऑफ लेजेंड्सही. तिथे दहा नायक आणि थोडी फौज असते. दोन्ही बाजूंनी शेकडो युनिट लढतात त्या गेममध्ये हे महाग पडते, म्हणून कंपन्या टाळतात. ही अडचण मला समजते. पण मग ‘ऑनलाइन सक्ती’ आणि ‘लढाई सर्व्हरच्या हातात’ या दोन गोष्टी एकच असल्यासारखे बोलू नये. फिरणाऱ्या मजकुरात नेमकी हीच गल्लत आहे.

प्रत्यक्षात चीटर पकडले गेले ते कसे? रिप्ले, म्हणजे सामन्याची साठवलेली नोंद, पाहून. जिथे काहीच दिसायला नको अशा काळ्या जागेकडे सैन्य परत परत नेमके का वळते आहे, हे जाणत्या खेळाडूच्या लगेच लक्षात येते. ब्रूड वॉरसाठी, म्हणजे पहिल्या स्टारक्राफ्टच्या विस्तारासाठी, आयसीकप हा चाहत्यांनी चालवलेला सर्व्हर होता. अँटी-हॅक लाँचर त्याने स्वतःचा आणला, आणि जगभरचे चांगले खेळाडू लॅडरसाठी (क्रमवारीच्या सामन्यांसाठी) तिथे जात. आणि सर्वांत स्वच्छ सामना होतो तो एका हॉलमध्ये, आयोजकांच्या मशीनवर, पंच पाठीशी उभा असताना, म्हणजे लॅनवर. तिथे उरते ती फक्त माणसाची लबाडी. कोरियात २०१० मध्ये ब्रूड वॉरमधल्या आणि पुढे स्टारक्राफ्ट २ मधल्या मॅच-फिक्सिंगची प्रकरणे कोर्टापर्यंत गेली. ती कुठल्याच सर्व्हरने अडवली नसती.

‘पैसे देणाऱ्याचे काहीच बिघडत नाही’

एका दिवाळीत आम्ही तिघे मावसभाऊ सांगलीला आजोळी जमलो होतो. तीन लॅपटॉप, तिघांनी आपापल्या पैशाने घेतलेल्या एकाच गेमच्या तीन प्रती, मध्ये एक स्विच. दुपारी इंटरनेट गेले ते तीन दिवस आलेच नाही. लाइट होती, मशीन चालू होत्या, केबल जोडलेल्या होत्या, आम्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलो होतो, आणि गेम लॉगिनच्या पडद्यापुढे जाईना. मामेभावाने त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स २ लावला. तो १९९९ चा गेम आम्ही तीन दिवस आळीपाळीने खेळलो.

इंटरनेट असले तरी अंतर आहेच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर जवळपास ३,९०० किलोमीटर. म्हणजे काहीही केले तरी जाऊन यायला ४० मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्राशी खेळायला हुकूम समुद्र ओलांडून का जावा?

स्टारक्राफ्ट २ च्या मोठ्या स्पर्धांतही जोडणी तुटून सामने बिघडत. २०१३ मध्ये हार्ट ऑफ द स्वार्म या त्याच्या विस्ताराबरोबर रिप्लेमधल्या हव्या त्या क्षणापासून सामना पुन्हा सुरू करण्याची सोय आली. सोय उत्तम आहे, मला आवडते. पण तिची एवढी गरज का पडली, हेही बघा.

सर्वांत मोठे नुकसान उशिरा कळते. एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन २०११ मध्ये आला आणि १ जुलै २०१४ ला बंद झाला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नसल्यामुळे तोही गेला. चाहत्यांनी प्रोजेक्ट सेलेस्ट उभारून तो परत जिवंत केला. त्याच वर्षी ३१ मे ला गेमस्पाय ही अनेक गेमचे ऑनलाइन सामने जुळवणारी सेवा बंद पडली आणि कमांड अँड काँकरच्या कितीतरी भागांचे ऑनलाइन मल्टिप्लेअर संपले. पण त्यांतल्याच जनरल्समध्ये लॅन होते, म्हणून माणसे त्याच दाराने आजही तो खेळतात. जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्ड आणि तिची चीनमधली भागीदार नेटईज यांचा करार संपला आणि चीनमधले स्टारक्राफ्ट २ चे सर्व्हर एका मध्यरात्री बंद झाले. तिथल्या खेळाडूंनी काय चोरले होते?

‘लॅन मागणारे फुकटे आहेत’

पुण्यात इंजिनीअरिंगला असताना आमच्या हॉस्टेलमध्ये एज ऑफ एम्पायर्स २ ची एकच सीडी फिरायची, आणि ती चोरीची होती. हे मी लपवत नाही. तेव्हा तो गेम विकत कुठे मिळतो हेही आम्हाला ठाऊक नव्हते. त्याच विंगमधल्या आठ जणांपैकी सहा जणांनी पुढे नोकरी लागल्यावर एचडी आवृत्ती घेतली आणि २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशनही. त्या सहांतला एकही जण जाहिरात पाहून आलेला नाही. केबल क्रिम्प करून, भिंतीपलीकडच्या खोलीतल्या मित्राशी रात्ररात्र खेळून त्यांना त्या गेमचे वेड लागले. लॅनने गिऱ्हाईक पळवले म्हणणाऱ्यांनी लॅनने किती गिऱ्हाइके घडवली, हेही मोजायला हवे.

मग लॅन गेले कशासाठी? पायरसी हे एक कारण होते, पण माझ्या मते मोठे कारण कोरियात आहे. तिथे पहिल्या स्टारक्राफ्टच्या व्यावसायिक लीग सुमारे दशकभर टीव्हीवर चालल्या, आणि लॅन असल्यामुळे त्या भरवायला ब्लिझार्डच्या सर्व्हरची गरजच नव्हती. स्टारक्राफ्ट २ च्या वर्षी ब्लिझार्डने प्रक्षेपणाचे हक्क एका कंपनीला दिले, जुन्या वाहिन्यांशी कोर्टात भांडण झाले आणि २०११ मध्ये ते मिटले. सामना आपल्या सर्व्हरवरूनच जात असेल तर तो कोणी भरवायचा हेही आपणच ठरवतो. कंपनीला असे वाटण्यात गैर काही नाही. पण मग तेच कारण उघड सांगावे. त्याचे खापर आमच्यासारख्या खेळाडूंच्या प्रामाणिकपणावर फोडू नये.

१४ नोव्हेंबर २०१७ ला स्टारक्राफ्ट २ चे मल्टिप्लेअर आणि पहिली मोहीम सगळ्यांसाठी मोफत झाली. त्या दिवसानंतर त्या मल्टिप्लेअरची चोरी करायला काही शिल्लकच उरले नाही. लॅन मात्र त्यात तेव्हाही आले नाही.