मक्यासाठी चुना

भर दुपारी नौपाड्यातल्या पानाच्या टपरीवर उभा राहून चुना मागणारा गृहस्थ तंबाखूच खात असला पाहिजे, असे आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी ठरवून टाकले असून, गेल्या रविवारपासून ते लिफ्टमध्ये माझ्याकडे करुणेने पाहतात.

मला चुना हवा होता तो टाकोसाठी. मॉलमधल्या फूड कोर्टात मिळणारा तो कुरकुरीत, दुमडलेला मेक्सिकन प्रकार आमच्या मुलीला फार प्रिय आहे, आणि त्यातला चमचाभर राजमा व चिमूटभर चीज पाहून बिल भरताना माझा जीव दर वेळी कासावीस होतो. आतले सारण घरी सहज जमते. शिजवून ठेचलेल्या राजम्यात जिरे, लाल तिखट व ओरेगॅनो घालावे आणि सावर क्रीमच्या जागी चक्का फेटून घ्यावा. खरी अडचण कवचाची आहे. किराणा दुकानातल्या मक्याच्या पिठाची पोळी लाटताना काठाला तडे जातात आणि तळण्यासाठी दुमडली की ती मोडते. मेक्सिकोत मक्याचे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. त्यांची साले सुटली की ते धुऊन वाटतात, म्हणून त्या पिठाला चिकटपणा येतो. किलोभर मक्याला 10 ग्रॅमच्या आसपास चुना पुरतो. जांभळी नाक्यावर मी सुके दाणे मागितले, तेव्हा दुकानदाराने फक्त ‘कबुतरांना की कोंबड्यांना?’ एवढेच विचारले. त्या माणसाचा समंजसपणा मला पुढे फार आठवला.

टपरीवर काका माझ्या मागेच उभे होते.

“अहो, तुम्हीसुद्धा?” ते म्हणाले.

“काका, मका शिजवायचा आहे.”

“आमचा मेहुणा दंतमंजन म्हणायचा.”

मी शांतपणे सांगू लागलो की युरोपने अमेरिकेतून मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. चुन्याशिवाय मक्यातले नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला नीट मिळत नाही, आणि म्हणून 18व्या शतकापासून इटली व स्पेनमधल्या, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होऊ लागला.

“त्यात काय होते?”

“कातडी सोलवटते, पोट बिघडते, पुढे पुढे बुद्धीही भ्रमिष्ट होते.”

“म्हणजे परिणाम सगळे ठाऊक आहेत,” काका दुःखाने म्हणाले, “आणि तरीही!”

नेमक्या त्याच क्षणी टपरीवाल्याने चुन्याची पुडी पुढे करत विचारले, “साहेब, तंबाखू कोणती देऊ?”

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्यासाठी लावल्या जात असलेल्या गुलकंदाच्या पानाला त्याच डब्यातला चुना फासला जात होता, हे मी त्यांना दाखवून दिले. पण पान हा मुखवास असतो आणि चुना हे व्यसन असते, अशी त्यांची धारणा ढळली नाही. आमच्या जिन्याचा दुसऱ्या मजल्यावरचा कोपरा वर्षानुवर्षे लाल आहे. तो कोण रंगवतो हे काकांसकट सगळ्या इमारतीला माहीत आहे, आणि त्या माणसाला कोणी एका शब्दाने विचारलेले नाही, कारण तो उलट बोलतो. उपदेश मिळतो तो ऐकून घेणाऱ्याला.

चुन्याने काम मात्र चोख केले. दुसऱ्या दिवशी धुऊन वाटलेल्या मक्याच्या पोळ्या तडा न जाता लाटल्या गेल्या आणि तेलात दुमडतानाही शाबूत राहिल्या. टाको भरत असतानाच काका व्यसनमुक्तीची पत्रके घेऊन दारात हजर झाले. बायकोने, माझ्या मते विनाकारण, त्यांना बसवून बशी दिली. त्यांनी एक टाको संपवला, दुसरा उचलला आणि तो खाता खाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बघा, एक दिवस सोडली तर जिभेला कशी चव आली!”