अमेरिकेतील ‘ऐंशी हजार ट्रकचालकांच्या तुटवड्या’चा प्रतिवाद

गेले काही दिवस एक लांबलचक संदेश गटागटांमधून पुढे ढकलला जात आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेत ८०,००० ट्रकचालक कमी आहेत, कारण तिथल्या लोकांना हे काम करायचेच नाही, चालक नव्हते म्हणूनच २०२१ मध्ये तिथल्या बंदरांबाहेर जहाजे अडकली, तिथे चालकाला पहिल्याच वर्षी एक लाख डॉलर मिळतात, कंपनी हप्त्याने त्याला ट्रकचा मालक करते आणि व्हिसाही काढून देते, आणि हे सारे म्हणे ‘पुरवठा साखळीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांनी सिद्ध केले आहे’. माझा मावसभाऊ स्वतः अवजड वाहन चालवतो. त्याने हा संदेश मला पाठवून ‘नोंदणीचे पैसे भरू का?’ असे विचारले, तेव्हा एका ओळीच्या उत्तराने भागणार नाही हे लक्षात आले.

आधी प्राध्यापकांविषयी, कारण संदेशाची सगळी विश्वासार्हता त्यांच्याच नावावर उभी केली आहे. ८०,००० हा आकडा कोणत्याही विद्यापीठाचा नाही. तो ‘अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स’ या वाहतूक कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केला, आणि २०३० पर्यंत तो १,६०,००० च्या पुढे जाऊ शकेल असेही तिने सांगितले. याच संघटनेने २००५ मध्ये २०,००० चालकांचा तुटवडा असल्याचा अहवाल काढला होता. मधल्या सगळ्या वर्षांत माल पोचत राहिला, मंदीही येऊन गेली, पण तक्रार कायम राहिली. माणसे नोकरीवर ठेवणाऱ्यांची संघटना माणसे कमी असल्याचे सांगते, तेव्हा ते म्हणणे तपासून घ्यावे लागते, आणि अभ्यासकांनी ते तपासले आहे.

स्टीफन बर्क्स आणि क्रिस्टन मोनॅको या दोन अर्थतज्ज्ञांचा लेख अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी कार्यालयाच्या ‘मंथली लेबर रिव्ह्यू’ या नियतकालिकात मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रकचालकांचा श्रमबाजार खरोखरच मोडला आहे का, हाच त्यांचा प्रश्न होता. सरकारी आकडेवारीच्या आधारे त्यांनी काढलेला निष्कर्ष संदेशातल्या दाव्याच्या थेट विरुद्ध जातो: हा बाजार इतर कष्टाच्या कामांच्या बाजारासारखाच चालतो, तो बऱ्याचदा ताणलेला असतो, परंतु या पेशात येण्यावर किंवा त्यातून बाहेर पडण्यावर कोणतीही कायमची अडचण नाही, आणि पुरेसा वेळ मिळाला तर वेतन वाढल्यावर चालकही वाढतात. ‘लोकांना हे काम करायचेच नाही’ या वाक्याला मग काही आधार उरत नाही. त्यांना हे काम आज दिल्या जाणाऱ्या पैशांत, आजच्या अटींवर करायचे नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

हे समजण्यासाठी त्या संघटनेचीच दुसरी आकडेवारी पुरेशी आहे. फुल लोड, म्हणजे एकाच ग्राहकाच्या मालाने भरलेला ट्रक, वाहून नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांमध्ये नोकरी सोडणाऱ्या चालकांचे वार्षिक प्रमाण कित्येक वर्षे नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहिले. म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी कंपनीला वर्षाला नव्वदेक नवी माणसे घ्यावी लागत. पार्ट लोडच्या, म्हणजे अनेक ग्राहकांचा थोडाथोडा माल एकत्र नेणाऱ्या, कंपन्यांत मात्र हेच प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असते. देश तोच, रस्ते तेच, परवानाही त्याच वर्गाचा. पार्ट लोडच्या चालकांपैकी अनेकांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, ते वरचेवर घरी जातात, आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या वेळेचेही पैसे त्यांना बहुधा मिळतात. फुल लोडचा लांब पल्ल्याचा चालक आठवडेच्या आठवडे केबिनमध्ये झोपतो आणि त्याला पैसे मिळतात ते प्रामुख्याने मैलांवर. एका ठिकाणी माणसे टिकतात आणि दुसऱ्या ठिकाणी टिकत नाहीत, याचे कारण तुटवड्यात शोधून सापडणार नाही.

मैलांवर पैसे मिळणे म्हणजे काय, हे एका दिवसाच्या हिशेबात पाहावे. तिथल्या नियमानुसार चालकाला एका पाळीत ११ तास गाडी चालवता येते, परंतु काम सुरू केल्यापासून १४ तासांच्या आतच. त्यानंतर सलग १० तासांची विश्रांती घ्यावी लागते. समजा, त्याने सकाळी सहाला गाडी तपासून काम सुरू केले आणि आठच्या वेळेला तो गोदामावर हजर झाला. खिडकीवर कागद दिले, डॉकचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याचा, क्रमांक मिळेपर्यंत थांबण्यास सांगितले गेले, नंबर लागला, गाडी मागे लावली, आणि माल भरून बाहेर पडायला दुपारचा एक वाजला. हे पाच तास चाक फिरले नाही, म्हणून मैल नाहीत आणि पैसेही नाहीत. पहिले दोन तास फुकट थांबायचे असा त्या व्यवसायातला सर्वसाधारण रिवाज आहे, आणि त्यापुढचे थांबण्याचे पैसे मिळालेच तर ते कंपनीकडून चालकापर्यंत पोचतीलच असे नाही. मात्र १४ तासांचे घड्याळ त्या पाच तासांतही चालूच असते. रात्री आठ वाजता त्याची पाळी संपते, आणि त्याआधी डिझेल भरून गाडी उभी करायला जागाही शोधायची असते.

अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधक डेव्हिड कॉरेल यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना नेमके हेच आकड्यांत मांडले. ११ तासांची मुभा असूनही लांब पल्ल्याचा चालक प्रत्यक्षात दिवसाला सरासरी साडेसहा तासच गाडी चालवतो; म्हणजे उपलब्ध क्षमतेपैकी सुमारे ४० टक्के क्षमता रोज वाया जाते. आहे त्या प्रत्येक चालकाला दिवसाला आणखी फक्त १८ मिनिटे रस्त्यावर राहता आले, तरी ज्या तुटवड्याची चर्चा चालू होती तो भरून निघू शकेल, असे त्यांचे गणित होते. अठरा मिनिटे! आणि इथे कोणी कोणाला जमापुंजी मोडून ती दरी भरायला निघण्याचा सल्ला देत आहे. या ताटकळण्याची किंमत जिवाशीही येते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालानुसार गोदामावरचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते.

हे असे का झाले, यावर अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ मायकेल बेल्झर अनेक वर्षे लिहीत आले आहेत, आणि ते स्वतः पूर्वी ट्रक चालवत होते. १९८० च्या मोटर कॅरियर कायद्याने मालवाहतुकीच्या भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण सैल केले, कंपन्यांमध्ये भाडे पाडण्याची चढाओढ लागली, संघटित कामगारांचा जोर ओसरला, आणि त्या चढाओढीचा भार चालकाच्या वेतनावर आणि बिनपगारी तासांवर आला. १९३८ च्या श्रम कायद्यातल्या जादा कामाच्या मोबदल्याच्या तरतुदीतून आंतरराज्य ट्रकचालक आधीच वगळलेले होते, त्यामुळे त्याला आळा घालणारे फारसे काही नव्हते. चालकाला थांबवण्याचा खर्च ज्याला सोसावा लागत नाही, तो गोदामचालक डॉकवरची व्यवस्था कशासाठी सुधारेल?

आता संदेशातला सर्वांत घातक मुद्दा: हप्त्यावर मिळणारा ट्रक. समाजशास्त्रज्ञ स्टीव्ह विसेली यांनी अभ्यासासाठी स्वतः लांब पल्ल्याचा ट्रक चालवला आणि या व्यवस्थेचा बारकाईने शोध घेतला. कंपनी आपलाच ट्रक चालकाला भाड्याने देते आणि त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ ठरवते. मग हप्ता, डिझेल, विमा, दुरुस्ती हे सारे त्याच्या कमाईतून कापले जाते, आणि किती खेपा द्यायच्या हे मात्र कंपनीच ठरवते. काम मंदावले तरी हप्ता थांबत नाही. मधेच सोडले तर गाडीही जाते आणि भरलेले पैसेही. ही विसेलींची एकट्याची तक्रार नव्हे. या प्रश्नासाठी सरकारने नेमलेल्या कृती गटाने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा योजनांवर बंदीच घालावी, अशी शिफारस केली. ज्या योजनेवर तिथे बंदीची शिफारस होते, ती योजना आपल्या माणसांना सुवर्णसंधी म्हणून विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

एक लाख डॉलरबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. श्रम सांख्यिकी कार्यालयानुसार मे २०२३ मध्ये अवजड ट्रकचालकांचे मध्यक वार्षिक वेतन ५४,३२० डॉलर होते, म्हणजे निम्म्या चालकांना त्याहून कमी मिळत होते. आणि त्यात नवखे, मुरलेले सगळेच आले.

जहाजांचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करायला हवे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांबाहेर जानेवारी २०२२ मध्ये कंटेनर घेऊन शंभराहून अधिक जहाजे ताटकळत होती, आणि त्या काळात चालक मिळवणे खरोखरच कठीण झाले होते. परंतु मूळ कारण मागणीच्या लाटेत होते. लोकांनी सेवांवरचा खर्च वस्तूंकडे वळवला, गोदामे भरली, रिकामे कंटेनर परत घ्यायला बंदरात जागा उरली नाही, आणि ते रिकामे कंटेनर ज्या चॅसिसवर, म्हणजे ट्रकमागे जोडायच्या चाकांच्या सांगाड्यांवर, बसले होते त्या चॅसिसही अडकून पडल्या. बंदरातून कंटेनर ओढणाऱ्या चालकांपैकी अनेकांना खेपेवर पैसे मिळतात, आणि ते तासन्‌तास दरवाजाबाहेर रांगेत उभे होते. रांगेत आणखी ट्रक आणून उभे केले असते, तर रांग लांबली असती.

‘काही वर्षांत चालकाविना ट्रक येतील, म्हणून आत्ताच घाई करा’ हीही एक ओळ त्या संदेशात आहे. विसेलींनी २०१८ च्या अहवालात सुमारे २,९४,००० लांब पल्ल्याच्या नोकऱ्यांना अशा ट्रकांपासून धोका असल्याचा अंदाज मांडला होता. त्या नेमक्या अशाच नोकऱ्या आहेत, ज्यांचे आमिष हा संदेश दाखवतो.

राहिला व्हिसा. २१ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी व्यावसायिक ट्रकचालकांना कामाचे व्हिसा देणे तत्काळ थांबवत असल्याचे जाहीर केले. त्याआधी, जून २०२५ पासून, ज्या चालकाला पुरेसे इंग्रजी बोलता आणि वाचता येत नाही त्याला तपासणीतच रस्त्यावरून बाजूला काढण्याची अंमलबजावणी सुरू झाली होती. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख न करता ‘व्हिसा कंपनी काढेल, तुम्ही फक्त नोंदणीची रक्कम भरा’ असे लिहिणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, असे मी मावसभावाला कळवले आहे. ज्या गटात तो संदेश आला, त्याच गटात हे उत्तर टाकायलाही त्याला सांगितले आहे.