डीपी जाळायची खात्रीशीर रीत

ऊस तापायला लागला आणि परवा मळ्यातली डीपी, म्हणजे मोटारींना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, पुन्हा जळली. पुढच्या खेपेला हे काम आणखी झटपट उरकावं म्हणून काही सूचना.

सगळ्यात आधी मोटारीला ऑटोस्विच बसवा, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप सुरू. रात्री कोण उठतंय? शेजाऱ्याने बसवलाय, मग आपणच काय घोडं मारलंय? 5 एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते आणि थेट उठताना त्याच्या सहापट, म्हणजे 45. 100 केव्हीएची डीपी एका फेजला 133 च्या आसपास देते. 15 मोटारी एकदम उठल्या की मागणी 675. व्होल्टेज बसतं, मोटारी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमत राहतात आणि घुमताना चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढत राहतात. त्याच 15 मोटारी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने उठल्या तर सगळ्या चालू असताना भार होतो जेमतेम 113. म्हणजे डीपी पुरते. हे गणित मळ्यात कुणाला सांगू नका, उगाच थांबायला लागेल.

फ्यूज उडाला तर जाड अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळा. मग फ्यूज उडत नाही, डीपीच्या आतलं तारांचं वाइंडिंग उडतं.

5 एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर लागतो. तो बसवू नका. बसवला तर लाईनवरचा करंट कमी होऊन व्होल्टेज सगळ्यांचंच सुधारतं, आणि शेजाऱ्याचं भलं आपल्या खर्चाने का करायचं?

साडेसात एचपीची मोटार, कागदावर तीनची.

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी? ते पावसाचं काम.

डीपी जळली की वर्गणी गोळा करणारे येतील. त्या दिवशी पाहुण्याकडे जा. संध्याकाळी पारावर येऊन म्हणा, "माणूस मुळातच लोभी, त्याला कोण काय करणार?" जोडीला अमेरिकेतला अभ्यासक गॅरेट हार्डिनही घ्या. सामायिक कुरणात जो तो आपलं एक जनावर वाढवतो आणि कुरण सगळ्यांचंच बुडतं, असं त्याने 1968 साली लिहून ठेवलंय.

पण तिथल्याच अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉमचं नाव काढू नका. नेपाळातले शेतकरी आपले पाट स्वतःच कसे सांभाळतात, हे तिने तपासलं. नियम लोकांनीच ठरवलेले, राखण त्यांचीच, चुकारांना दंडही त्यांचाच. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल अशा कामाला मिळालं. इतकं लांबही जायला नको. येरळा नदीवरचं बळीराजा धरण आपल्याच सांगली जिल्ह्यातलं. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी उभं केलं आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. ती माणसं काय वेगळ्या मातीची होती?

लोभाच्या नावावर खपवू नका राव. पेरणीला पैरा, म्हणजे कामाच्या बदल्यात काम, फेडता, कारण नाही फेडला तर पुढच्या वर्षी बांधावर कुणी येत नाही. डीपीवर हिशेब कुणीच ठेवत नाही, म्हणून तिथे सगळे मोकाट. वहीत 15 नावं लिहा, प्रत्येकाची पाळी ठरवा. ऑटोस्विच काढा, नसेल काढायचा तर टायमरवाला घ्या आणि प्रत्येकाने वेगळी वेळ लावा. मोडेल त्याला दंड, भावकीतला असला तरी. शेवटच्या मोटारीला थांबावं लागतं फक्त 28 मिनिटं. तेवढीही कळ काढवत नसेल तर वायरमन फोन उचलत नाही म्हणून गावभर बोंबलत फिरू नका.