पाकीट दुसऱ्याने फोडावं

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा गुंडाळल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोन तट पडले. कोल्हापूरचा दादा म्हणतो, झालं ते फार बरं झालं, आमच्या गल्लीत दोन पोरांनी बापाच्या दुकानाचा गल्ला रिकामा केला होता. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय, मग अभ्यास करून संघ निवडणं हा जुगार कसा? मी इथून, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधून, दादाच्या बाजूने दोन ओळी टाकल्या, तर तोच माझ्यावर उलटला. "तू तर बोलूच नकोस. तुझी लेक तिकडे खेळाडूंच्या चित्रांची पाकिटं फोडते, तो काय हरिपाठ आहे?"

टोमणा असला तरी प्रश्न रास्त आहे. आणि उत्तर लांबलचक असल्यामुळे ग्रुपवर देता आलं नाही.

बेसबॉल कार्ड म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांचा पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. दादाने लहानपणी बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवली होती, त्यामुळे त्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. इथलं जुनं आणि मोठं नाव टॉप्स. ही कंपनी मुळात च्युइंगमचीच. कार्डांच्या पाकिटात गमची गुलाबी पट्टी १९९० च्या आसपासपर्यंत असायची आणि तिला चिकटलेल्या कार्डावर कायमचा डाग पडायचा. आता गम गेला. पाकीट मात्र बंदच राहिलं, आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. अमुक प्रकारचं कार्ड किती पाकिटांत एकदा निघतं, ते पाकिटावर छापलेलं असतं, पण ते वाचायला मला चष्मा लागतो, आणि पाकीट विकत घेणाऱ्या वयाच्या मुलांना ते वाचायचंच नसतं.

पॉल स्कीन्स हा पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा तरुण पिचर, म्हणजे गोलंदाज. त्याने पहिल्या सामन्यात घातलेल्या जर्सीवरची खूण कापून एका कार्डात बसवली होती, जगात एकच. २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसकडच्या एका अकरा वर्षांच्या मुलाला भेट मिळालेल्या पाकिटांमध्ये ते निघालं. पायरेट्सने त्या कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी नाकारली, आणि मार्च २०२५ मध्ये लिलावात ते ११ लाख १० हजार डॉलरना गेलं. पोराचं भलं झालं, आनंद आहे. पण लॉटरीच्या टपरीवर 'येथे पहिले बक्षीस लागले' असा फलक लावतात ना, तेच काम या एका बातमीने देशभर फुकटात केलं. त्यानंतर आमच्या लेकीच्या वर्गात पाकिटांशिवाय दुसरा विषय नव्हता.

हा जुगार आहे असं म्हणत लोक इथे कोर्टातही गेले होते. १९९० च्या दशकात ग्राहकांनी कार्ड कंपन्यांवर खटले भरले: तुम्ही पाकिटात कधीमधी दुर्मीळ कार्ड टाकून आम्हाला बेकायदा जुगार खेळायला लावता. २००२ मध्ये इथल्या अपील न्यायालयाने जे ठरवलं त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही पैसे दिले, तुम्हाला कार्डं मिळाली. हवं ते मिळालं नाही ही निराशा आहे, कायद्याच्या अर्थाने नुकसान नव्हे. कायद्याचं मला कळत नाही, पण रिकाम्या पाकिटांच्या ढिगाशेजारी बसलेलं पोर एकदा बघितलं की हा निकाल जरा कोरडा वाटतो.

तरीही दादाचा आरोप मी मान्य करत नाही. जुगार आहे तो बंद पाकिटात, कार्डात नाही. पाकीट एकदा फुटलं की फोडणाऱ्याला हवी असतात एखाद-दोन कार्डं. बाकीची त्याच्या दृष्टीने कचरा. त्या कचऱ्यावर आमच्या घरातला छंद चालतो.

आमच्या घरी पगार एकच. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेला, आणि त्यावर सध्या मला नोकरी करता येत नाही. त्यामुळे या छंदाला महिन्याला दहा डॉलर, त्यावर एक सेंट नाही, असा नियम केला. (दहा डॉलरचे रुपये किती, ते दादा लगेच काढेल. इथल्या दोन कॉफ्यांचे पैसे आहेत ते.) वीस-पंचवीस डॉलरचा पाकिटांचा डबा त्यात बसत नाही, हे आमचं नशीबच म्हणायचं. अधूनमधून एखाद्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन भरतं. प्रदर्शन कसलं, बाजारच तो, घासाघीससुद्धा चालते. पुढच्या टेबलांवर काचेखाली महागडी कार्डं. मागे, टेबलांच्या खाली वगैरे, लांबट पुठ्ठ्याची खोकी: कुठलंही कार्ड दहा सेंट, कुठलंही पंचवीस सेंट. मंडईत पावणेएक वाजता भाजी घेणाऱ्या बाईला असं खोकं कसं बघायचं ते शिकवावं लागत नाही. दोन तास उकिडवं बसून आम्ही चाळीस कार्डं निवडतो, तरी चार डॉलरच होतात. कार्ड घालायच्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या शंभराला डॉलर-दोन डॉलर. तेवढा खर्च मात्र करावा, बोटांचे डाग फार लवकर पडतात.

याहून स्वस्त म्हणजे अख्खा संच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कोणीतरी हवा केली की बेसबॉल कार्डं म्हणजे मुलांच्या कॉलेजची फी. जुन्या कार्डांचे भाव खरंच चढले होते. मग टॉप्ससकट फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, अप्पर डेक या सगळ्या कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की विचारता सोय नाही. लोकांनी पेट्याच्या पेट्या न उघडता माळ्यावर ठेवल्या. १९९० च्या दशकात फुगा फुटला. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? त्या काळातली कार्डं आजही पडून आहेत. टॉप्सचा त्या वर्षांचा संच ७९२ कार्डांचा असायचा. १९८८ चा अख्खा संच दहा ते वीस डॉलरना मिळतो, म्हणजे एक कार्ड जेमतेम दोन सेंटला. गुंतवणूकदार त्याला नाक मुरडतो.

आणि त्यात आहे काय, तर सगळं आहे. सॅन डिएगोच्या टोनी ग्विनचं कार्ड घ्या. मागच्या बाजूला वर्षागणिक ओळी, शेवटची १९८७ ची: ५८९ वेळा बॅटिंग, २१८ हिट (म्हणजे चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं). लेकीने भागाकार केला, ०.३७० आलं, आणि पुठ्ठ्यावर छापलेलं उत्तर बरोबर आहे म्हणून खूश झाली. क्रिकेटच्या सरासरीवर वाढलेल्या मला हा आकडा आधी कळेचना. दहापैकी सहाहून जास्त वेळा अपयशी ठरणारा माणूस महान कसा? हा खेळच अपयशाचा हिशोब ठेवणारा आहे, हे मला टीव्हीवर सामने बघून कळलं नव्हतं, त्या करड्या पुठ्ठ्यावरून कळलं. मग जन्मगावं वाचायचा नाद लागला. टोरांटोचा जॉर्ज बेल, १९८७ चा अमेरिकन लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, सान पेद्रो दे माकोरिस, डॉमिनिकन रिपब्लिक. त्याच संघाचा टोनी फर्नांडेझ, तेच गाव. १९९० च्या संचात कोवळा सॅमी सोसा, पुन्हा तेच गाव. साखर कारखान्यांचं गाव आहे ते. उसाच्या पट्ट्यातल्या आम्हा माणसांना यात काय दिसतं ते मी वेगळं सांगत नाही. एका कारखान्याच्या गावातून इतकी पोरं परदेशी मैदानांवर कशी पोचली, हे शोधताना आमचा एक अख्खा हिवाळा गेला, आणि इथला हिवाळा लांब असतो.

१९८९ च्या टॉप्स संचात सिनसिनाटीचा मॅनेजर म्हणून पीट रोझ आहे. ४,२५६ हिट, आजवर कोणी त्याच्या पुढे गेलेला नाही. त्याच वर्षी सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल त्याला बेसबॉलमधून कायमचं बाहेर काढलं. २०२४ मध्ये तो वारला, आणि मे २०२५ मध्ये ती कायमची बंदी मरणोत्तर उठली. दरम्यान न्यूयॉर्क राज्याने जानेवारी २०२२ पासून फोनवर सट्टा लावायला परवानगी दिली आणि कंपन्यांच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर बसवला. सामन्याच्या दोन इनिंगच्या मध्ये आता त्याच्याच जाहिराती. मावसभाऊ अमेरिकेचा दाखला देऊन म्हणतो की बंदीपेक्षा कर बरा. इथे राहून बघितल्यावर मी एवढंच म्हणेन, की कर बसला की सरकारच धंद्यातलं भागीदार होतं आणि मग त्याला धंदा वाढलेलाच हवा असतो. यासाठी अमेरिकेत यायचीही गरज नाही म्हणा. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे.

"पण गुंतवणूक म्हणून कसं काय?" हा मावसभावाचा पुढचा प्रश्न. त्याने मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेल्याचं वाचलं होतं. आता ते कार्ड इतकं महाग का, ते ऐका. त्या वर्षी शेवटची कार्डं उशिरा बाजारात आली, खपली नाहीत, वखारीत पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे, ती कुणी फुकटातही घेईना, तेव्हा १९६० मध्ये त्यांनी त्या पेट्या बोटीवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवल्या. यात कुणा गुंतवणूकदाराची दूरदृष्टी कुठे आली? ज्यांनी पुढे किंमत येईल म्हणून जपली, त्यांची १९८८ ची कार्डं दोन सेंटची. आणि आता तर कार्ड एखाद्या कंपनीकडे पाठवून त्याच्या स्थितीला दहापैकी गुण लावून घ्यायचे, ते प्लास्टिकच्या वडीत बंद करायचं, अशी रीत आहे. एका कार्डाला वीस-पंचवीस डॉलर तरी लागतात. आमचं दोन महिन्यांचं बजेट खर्चून पंचवीस सेंटच्या कार्डाला प्रमाणपत्र घ्यायला मी काही खुळी नाही.

या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावणारा माणूस आमच्याच गावचा होता, आणि तो श्रीमंत नव्हता. जेफरसन बर्डिक. सिरॅक्यूजच्या विद्युत साहित्याच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचा, एकटा राहायचा, संधिवाताने बोटं आखडत चाललेली. बेसबॉलचा तो मोठा शौकीन होता असंही नाही. सिगारेटच्या पाकिटातली, बिस्किटांच्या पुड्यातली, जाहिरातीची, सगळी छापील कार्डं तो जमवायचा, आणि कोणतं कार्ड कोणत्या मालिकेतलं याची सूची त्याने तयार केली. होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं जे कार्ड आज लाखो डॉलरना जातं, त्या मालिकेला सगळे 'टी २०६' म्हणतात, तो क्रमांक बर्डिकच्या सूचीतला. तीन लाखांवर नग त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. त्यांत बेसबॉलची तीस हजारांवर. म्युझियमची अट होती की मांडणीही त्यानेच करावी. वर्षानुवर्षं तिथे बसून त्याने ती वह्यांत लावली, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं, आणि मार्चमध्ये गेला. गंमत म्हणजे त्याने कार्डं वह्यांमध्ये चक्क डिंकाने चिकटवली. आजच्या गुण देणाऱ्या कंपन्यांनी ती बघितली तर दहापैकी एक गुणही जड जाईल. मावसभावाला मी हे मुद्दाम सांगितलं.

तर घरच्या वादाबद्दल. कौशल्य की नशीब, या प्रश्नावर आपल्याकडची न्यायालयं आणि कंपन्या अनेक वर्षं झुंजताहेत, आणि माझ्या मते तो प्रश्नच गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नाही. रमीत कौशल्य आहेच. दादाच्या गल्लीतल्या पोरांकडे ते नव्हतं, एवढंच. पैसे देताना समोर काय आहे ते दिसतंय का, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. बंदी फोनवरच्या पैशांच्या खेळांना लागली, ठीक झालं. बंद पाकीट तिच्या जाळ्यात येत नाही. क्रिकेटच्या कार्डांची पाकिटं आपल्याकडेही विकली गेली आहेत, आणि आत काय आहे ते न दाखवता विकायच्या बाहुल्यांचं वेड मुंबई-पुण्याला पोचलेलं आहे. अशा पाकिटांवर सरसकट बंदी मला नको आहे. वाढदिवसाला एक पाकीट फोडण्यात मजा असते, आमच्याकडेही तेवढं फुटतं. पण शक्यतेचा आकडा सिगारेटच्या इशाऱ्यासारखा पाकिटाच्या तोंडावर, मराठीत, बिनचष्म्याचं वाचता येईल एवढा छापलेला असावा. आणि कंपनीने कार्डं सुटीही विकावीत. शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात पोराने रुपया पुढे करायचा, बुमराहकडे बोट दाखवायचं आणि बुमराहच घेऊन घरी जायचं.