भाषेची आवड ही नुसती हौस नाही

"भाषा म्हणजे फक्त साधन, कुठलीही चालते." प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल प्रोग्रामरांच्या गप्पांत हे वाक्य कुणीतरी टाकतंच, आणि मला ते अजिबात पटत नाही. दिवसभर जिच्यात डोकं चालवायचं, ती भाषा कुठलीही कशी चालेल?

मला टाइपच्या बाबतीत, म्हणजे कुठली माहिती आकडा आणि कुठली मजकूर याबाबत, काटेकोर असलेल्या भाषा आवडतात. कोटलिन आवडते, रस्ट त्याहून जास्त. वेगाचा मुद्दा माझ्यासाठी दुय्यम आहे. चूक कधी कळते, हे मी आधी बघते.

साधं उदाहरण घ्या. एक फंक्शन डेटाबेसमधून ग्राहक शोधून देतं. ग्राहक सापडलाच नाही तर? पायथनमध्ये बहुतेक जण सरळ नन, म्हणजे 'काहीच नाही' असं मूल्य, परत करतात. मग पार दुसऱ्याच फाइलमध्ये कुणीतरी त्या ग्राहकाचं नाव मागतं आणि प्रोग्राम कोसळतो. एरर दाखवते कोसळलेली ओळ. तो नन मुळात आला कुठून, ते आपण शोधत बसायचं. कोटलिनमध्ये त्याच फंक्शनच्या रिटर्न टाइपपुढे, म्हणजे ते जे परत देणार त्याच्या टाइपपुढे, प्रश्नचिन्ह लावावं लागतं. ते लागलं की ग्राहक नसेल तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम) त्याचं नाव मागूच देत नाही. एवढ्याशा चिन्हाने रात्रीचे फोन वाचतात! रस्टमध्ये हेच काम ऑप्शन नावाचा टाइप करतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेत नल रेफरन्स, म्हणजे हाच 'काहीच नाही', आणला, कारण तो अंमलात आणायला फार सोपा होता. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

पायथनवाल्यांशी माझं भांडण नाही. डेटा चाळायचा, एक आलेख काढायचा आणि कोड टाकून द्यायचा, अशा कामात टाइप लिहीत बसणं म्हणजे नुसता खोळंबा. तिथे मीही पायथनच उघडते. रूबी भाषा तर मात्सुमोतो यांनी प्रोग्रामरला लिहिताना आनंद व्हावा म्हणूनच घडवली, आणि तो हेतू मला मनापासून मोलाचा वाटतो.

जावास्क्रिप्टचं मात्र समर्थन करवत नाही. अवतरणातल्या "१" मध्ये १ मिळवला तर "११" येतात, आणि वजा केला तर शून्य! १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं, हे लक्षात घेतलं तरी त्रास कमी होत नाही. टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट, इतकी पसरली ती उगाच नाही.

गो या भाषेबद्दल बरेच जण मला समजावतात. गोफॅम्ट या कोडची मांडणी करून देणाऱ्या साधनामुळे सगळ्यांचा कोड एका वळणाचा दिसतो, टीममध्ये नवीन आलेला माणूस लगेच वाचू लागतो, हे खरंच आहे. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्यांचा कोड सांभाळायचाय, त्यांची ही आवड मला पूर्ण समजते. पण तोच 'काहीच नाही' निल या नावाने तिथेही आहेच, आणि तो असेपर्यंत माझ्या पसंतीच्या यादीत गो खालीच राहील.