वरातीआधी घोडं

नेटफ्लिक्सचा नवा सीझन कॅलिफोर्नियात मध्यरात्री लागतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा, त्यांचा हिवाळा असेल तर दीड. 'बोजॅक हॉर्समन'सारख्या कार्टून मालिकेचे १२ एपिसोड, प्रत्येकी साधारण २५ मिनिटं, म्हणजे न उठता बघितले तरी ५ तास. संध्याकाळी साडेपाचला मत दिलंत तर ते वरातीमागून घोडं. तेव्हा पहिल्या एपिसोडची नावं पडता पडता 'आता पहिल्यासारखी मजा नाही' हे वाक्य बाहेर पडलंच पाहिजे.

वाक्याला वजन यायचं तर ज्येष्ठता लागते. 'मी पहिल्या दिवसापासून बघतोय' म्हणा, पण तारखेत अडकू नका. मालिका सुरू झाली २२ ऑगस्ट २०१४ ला आणि नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये. २०१४ सांगितलंत की टोरेंटवरून चोरून बघितल्याचा कबुलीजबाबही त्यातच आला. 'फार आधीपासून' एवढंच म्हणावं.

घाईबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही. पहिल्या सीझनच्या वेळी अमेरिकेतल्या समीक्षकांकडे आधी सहाच एपिसोड गेले होते. नायक बोजॅक म्हणजे दारुडा, विझलेला सिटकॉमचा नट, तोही घोडा. बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मालिका खरी उघडते ती सीझनच्या उत्तरार्धात. पुढे 'इंडीवायर' या सिनेमा-मालिकांवरच्या संकेतस्थळाने नेटफ्लिक्सचा सीझन पूर्ण बघितल्याशिवाय परीक्षण लिहायचं नाही असं ठरवलं. ही खोड तुम्ही लावून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष बघणं. वेग दीडपट ठेवा. पाचव्या सीझनचा सहावा एपिसोड, 'फ्री चुरो', म्हणजे बोजॅक आईच्या अंत्यविधीला उभा राहून जवळजवळ सगळा वेळ एकटाच बोलतो. सुरुवातीचा छोटा प्रसंग सोडला तर दृश्य बदलत नाही, दुसरं कुणी बोलत नाही. एवढं अवघड काम बोजॅकला आवाज देणाऱ्या विल आर्नेटने नुसत्या आवाजावर पेललंय, शब्दांमधल्या थांब्यांवर. दीडपटीत तेच थांबे गळतात आणि २५ मिनिटांचं काम १७ मध्ये उरकतं. मग 'फार बोलतो बुवा' म्हणायला मोकळे.

तिसऱ्या सीझनचा चौथा एपिसोड मात्र पंचाईत करतो. तो पाण्याखाली घडतो आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे मोबाइल बघत नुसतं ऐकायची सोय नाही. तरी मोबाइल बघाच. तेवढ्यात बोजॅक आपल्यामुळे नोकरी गेलेल्या दिग्दर्शिकेसाठी चिठ्ठी लिहितो. खोडतो, पुन्हा लिहितो, शेवटी एकदाची मनातली गोष्ट कागदावर उतरते. धावत जाऊन ती तिच्या हातात देतो, तर पाण्यात शाई पसरून नुसता डाग उरलेला. आणि सगळं संपल्यावर त्याला कळतं की डोक्यावरच्या काचेच्या हेल्मेटला बोलायचं बटण पहिल्यापासून होतं. हे सगळं वर मान करून बघितलंत तर 'या एपिसोडमध्ये काहीच घडत नाही' हे लिहायला हात धजणार नाही.

पार्श्वभूमीकडे तर ढुंकूनही बघू नये. लिसा हानावॉल्टच्या रेखाटनांतून उभ्या राहिलेल्या या शहरात पाट्या, फलक, भिंतीवरची चित्रं यांत विनोद कोंबलेले असतात. पहिल्या सीझनमध्ये बोजॅक डोंगरावरच्या 'हॉलीवूड' या पाटीतलं डी हे अक्षर चोरतो, तर शहराचं नाव त्यानंतर 'हॉलीवू'च राहतं. शेवटच्या सीझनमध्ये अक्षर बसवायला निघतात आणि बी बसवतात. सहा सीझन सांभाळलेला विनोद हा. 'लेखकांचे विषय संपले' या मताला अशा गोष्टी बाधक ठरतात.

अकरावा एपिसोड जपून. पहिल्या पाच सीझनमध्ये काळजाला घरं पाडणारा एपिसोड शेवटून दुसरा, म्हणजे अकरावा. सहावा सीझन १६ एपिसोडचा, तिथे ही कामगिरी पंधराव्याकडे. चौथ्या सीझनचा अकरावा तर बोजॅकच्या आईच्या विस्मृतीच्या आत शिरतो. आठवणीतली माणसं बिनचेहऱ्याची आणि एका बाईचा चेहरा नुसता गिरगटलेला. पुढच्या खोलीतून कुणी 'अजून कार्टूनच बघतोयस का?' असं विचारलं, तर त्यांना याच एपिसोडला शेजारी बसवा. मत म्हणून मात्र 'यंदा फारच रडकं झालंय' लिहा, आणि पुढच्या वर्षी 'यंदा हलकंफुलकं झालंय'. दोन्ही वाक्यं जपून ठेवा, आलटून पालटून चालतात.

यातलं सर्वांत उपयोगी वाक्य 'बोजॅक म्हणजे मीच'. यात आपण दुखावलेले, खोल आणि माफीलायक, असं एका दमात तिन्ही ठरतं. अडचण एकच. पाचव्या सीझनमध्ये बोजॅक 'फिलबर्ट' नावाच्या मालिकेत वाईट वागणाऱ्या माणसाचं काम करतो आणि त्याची मैत्रीण डायान त्याला सुनावते की असलं पात्र बघून वाईट वागणाऱ्यांना आपलं वागणं चालण्यासारखं वाटायला लागतं. हा टोला थेट आपल्याच पाठीत बसतो. त्या सुमारास चहा टाकायला उठावं. आधण यायला लागतात तेवढ्या मिनिटांत हे आटोपतं.

शेवटचा सीझन दोन हप्त्यांत आला. आठ एपिसोड २५ ऑक्टोबर २०१९ ला, आठ ३१ जानेवारी २०२० ला. पहिल्या हप्त्यानंतर 'उगाच ताणलंय', दुसऱ्यानंतर 'घाईत गुंडाळलंय'. अगदी शेवटी बोजॅक आणि डायान गच्चीवर बसतात, बोलणं संपतं आणि दोघं गप्प राहतात. इथे 'शेवट कळला नाही' असं लिहावं. कळला असेल तरी लिहावं, समजावून सांगायला आलेल्यांशी दोन दिवस वाद घालता येतो.

मालिका संपली म्हणून सराव मोडू नका. निर्माते राफाएल बॉब-वॅक्सबर्ग यांची 'लाँग स्टोरी शॉर्ट' २२ ऑगस्ट २०२५ ला आली, बोजॅकच्याच तारखेला, अकरा वर्षांनी. तिचा दुसरा सीझन पहिला लागण्याआधीच मंजूर झाला होता. तेव्हा 'दुसऱ्याला पहिल्याची सर नाही' हे वाक्य पहिला बघायच्या आधीच टाइप करून ठेवायला हरकत नव्हती.