जुन्या सिटीची थरथर आणि "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य

२००३ ते २००८ या काळातली ऑटोमॅटिक होंडा सिटी मुंबईत अजून बऱ्याच घरांत आहे. पंधरा वर्षं उलटल्यावर पुनर्नोंदणी करून लोकांनी ती ठेवलीय, कारण इंजिन ठणठणीत आहे. मालकांची तक्रार मात्र बहुतेक वेळा एकच. सिग्नल सुटला, ब्रेकवरचा पाय काढला की गाडी उठताना थरथरते आणि वीसचा वेग ओलांडला की शांत होते. गॅरेजमध्ये लगेच निकाल लागतो: "गिअरबॉक्स गेला, कुर्ल्याहून दुसरा आणू." इतक्या घाईने दिलेल्या या निकालाला माझा ठाम विरोध आहे.

या गाडीत सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा बेल्ट. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, इथे नाही; त्याचं काम ऑइलमध्ये बुडालेल्या प्लेट्सचा स्टार्ट क्लच करतो. गाडी उभ्यावरून उठताना हा क्लच आधी थोडा घसरतो, मग पक्का धरतो. संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी तासभर नुसती रांगत असेल, तर क्लचही तेवढा वेळ घसरतच राहतो. ऑइल तापून खराब होतं आणि प्लेट्स एकसारख्या धरेनाशा होतात. पकडलं, सुटलं, पकडलं, सुटलं: हीच ती थरथर.

पण आधी खात्री करा. गाडी जागेवर उभी असताना डी किंवा आर टाकल्यावरच दणका बसत असेल तर इंजिन माउंटिंग बघा. सगळ्याच वेगांत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर अडखळत असेल तर स्पार्क प्लग. आय-डीएसआय, म्हणजे दर सिलिंडरला दोन प्लगवाल्या इंजिनात ते आठ असतात, चार नव्हे! मागचे चार पोचायला अवघड, म्हणून पुढचेच चार बदलून "प्लग नवे टाकले" असं सांगितलं जाऊ शकतं. जुने आठही प्लग हातात मागा. मीटरमधला डी लुकलुकत असेल तर बॅटरी काढायच्या आधी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून घ्या, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.

आता गिअरबॉक्सचं ऑइल. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण सिटी हे नाव एकच असलं तरी गिअरबॉक्स वेगवेगळे आहेत. २००८च्या शेवटी आलेल्या सिटीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स आहे, त्याला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल लागतं. २०१४च्या सिटीत पुन्हा सीव्हीटी आला, पण टॉर्क कन्व्हर्टरसह, आणि त्याचं ऑइल होंडाचं एचसीएफ-२. जुन्या सीव्हीटीत साधं एटीएफ ओतलं तर बेल्ट पुलीवर घसरून दोन्हींवर ओरखडे पडतात, मग खरोखरच गिअरबॉक्स जातो. मॅन्युअलमध्ये जे नाव आहे तेच सीलबंद डब्यातून, तुमच्या डोळ्यांसमोर ओतलं गेलं पाहिजे.

गाडी गरम करून सपाट जागी उभी करा. गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट काढा, निघालेलं ऑइल मापून घ्या आणि तेवढंच नवं भरा. वॉशर नवाच हवा. बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लगदा असेल तर चालतं, धातूचे कपचे निघाले तर ऑइलवर पैसे घालू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, हिंदमातासारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे आवर्जून बघा. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंच आतच राहतं, म्हणून थोडं चालवून हेच पुन्हा एकदा करायचं. मशिन लावून फ्लश करू देऊ नका. शेवटी पी, आर, एन, डी असं लिव्हर सावकाश फिरवा, इंजिन बंद करा आणि साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर लेव्हल बघा.

दोनदा ऑइल बदलून आणि स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन (क्लच कसा धरायचा हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवणं) करूनही थरथर तशीच राहिली, तर क्लच झिजलाय असं धरायला हरकत नाही. वेगासोबत चढत जाणारा घुंईं आवाज असेल तर बहुधा बेअरिंग, तिथे ऑइलचा उपयोग नाही. तेव्हा खुशाल खोला. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून गिअरबॉक्स घेताना त्याचंही ऑइल आधी काढून बघा. तोही कुठल्या तरी ट्रॅफिकमध्ये वर्षानुवर्षं रांगलेलाच असतो.